माशांना अर्धपोटी ठेवायची नोकरी

मी ओमानात नेमकं काय काम करतो हे गावी मला आजवर कुणाला धड समजावता आलेलं नाही. माझ्या कार्डावर 'पंप ऑपरेटर' असं लिहिलंय आणि सुरुवातीला मी खरंच पंप चालवायचो. पण आता माझं खरं काम म्हणजे माशांसाठी जेवण बनवणं. तेही असं, की वास सुटला पाहिजे, पान वाढल्यासारखं दिसलं पाहिजे आणि पोटात मात्र काही जाता कामा नये. सुट्टीवर गेलो की माझा चुलत भाऊ चारचौघांत मुद्दाम विचारतो, काय दत्ताराम, हल्ली काय चाललंय? मी सांगतो, माशांना फसवतो आणि त्याचा पगार घेतो. लोक हसतात. त्यांना वाटतं हा काहीतरी भानगडीचा धंदा लपवतोय.

तेव्हा या अंकाच्या निमित्ताने एकदाचं सांगूनच टाकतो.

मस्कतमधल्या बौशरचे मॉल आणि ऑफिसं मागे टाकून डोंगराच्या बाजूला गेलं की खजुराच्या बागा लागतात. त्यातली एक बाग हमूदबाबांची. हमूदबाबा म्हणजे माझे अर्बाब, मालक. बागेच्या टोकाला पाण्याचं एक जुनं तळं आहे, फार मोठं नाही, पण खोल आणि शांत. त्यात कार्प आहेत आणि आपल्याकडे ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया आहे. थंडीच्या महिन्यांत शुक्रवारी इथे हौशी लोक गळ टाकून बसतात. गोरे असतात, गोव्याचे असतात, आपले मराठीही असतात. मासा पकडतात, त्याच्याकडे प्रेमाने बघतात आणि परत पाण्यात सोडतात.

हे परत सोडण्याचं प्रकरण माझ्या बायकोच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. सुमन मस्कतच्याच दार्सैत भागात बालवाडीत मदतनीस आहे, आमची खोलीही तिथेच, देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमचं दोघांचंही माहेर-सासर राजापूरकडचं खाडीकाठचं. लहानपणापासून मासा गरवायचा, म्हणजे गळाने धरायचा, तो कालवणासाठी. पहिल्यांदा तिने तळ्यावर एका साहेबाला हातभर कार्प सोडून देताना पाहिला तेव्हा ती दिवसभर नीट बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, त्याला कालवण करता येत नसेल तर त्याने मला विचारायचं तरी.

आता धंद्याचं सांगतो. गळाला लावतात ते आमिष. ते सगळ्यांना माहीत असतं. पण गळ टाकण्याआधी मासे एका जागी जमावे लागतात, त्यासाठी पाण्यात जे टाकतात त्याला आम्ही चारा म्हणतो. उन्हाळ्यात चारा कसाही टाका, मासा अधाशासारखा खातो आणि परत मागतो. थंडीत गोष्ट वेगळी. पाणी गार झालं की मासा दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा होतो. हलायला नको, उठायला नको. दोन घास पोटात गेले की त्याचं दिवसाचं भागलं. मग तुम्ही गळाला अमृत लावा, तो ढुंकून बघत नाही.

म्हणून थंडीतला चारा म्हणजे नुसती चाहूल द्यायची. आमच्याकडे उरलेला खुब्ज, म्हणजे इथली रोटी, मी उन्हात कडक वाळवतो आणि बारीक कुटतो. त्यात तांदळाचा कोंडा, थोडी खोबऱ्याची पेंड, भाजलेल्या मेथीची पूड आणि वाळवलेल्या तारल्यांचा, म्हणजे छोट्या माशांचा, भुगा. हे वाळके तारले इथे उंटांना आणि बकऱ्यांना घालतात, त्यामुळे पोत्याने मिळतात. सगळं चाळणीने चाळायचं. मग पाणी एकदम ओतायचं नाही. थोडं शिंपडायचं, मुरू द्यायचं, परत शिंपडायचं, परत चाळायचं. मुठीत दाबलं तर गोळा झाला पाहिजे आणि तळाशी गेला की फुटला पाहिजे. आणि रंग काळपट हवा. थंडीत पाणी नितळ असतं. तळावर पांढरा चारा पसरला तर त्यावर आलेला मासा बगळ्याला वरून स्पष्ट दिसतो, आणि हे माशालाही कळतं.

हे सगळं मला शिकवलं कॉलिनसाहेबांनी. हे इथल्या एका शाळेत शिकवायचे, आता निवृत्त झालेत, पण इंग्लंडला परत जायचं नाव काढत नाहीत. उंच, वाळके, डोक्यावर कायम लोकरीची टोपी, मस्कतच्या थंडीतसुद्धा. माणूस एरवी सज्जन, पण चाऱ्याच्या बाबतीत महाचिकट. पेंड चिमटीने टाकतात. त्यांचं एकच पालुपद, की टाकायला कमी पडलं तर आणखी टाकता येतं, जास्त झालं तर पाण्यातून परत काढता येत नाही. ऐकून ऐकून मला झोपेतही पाठ झालं होतं.

गिऱ्हाइकं एकेक नग येतात. दार्सैतचे एक गृहस्थ दर शनिवारी कणकेच्या गोळ्यांची परात घेऊन यायचे. त्यांना साडेसाती होती आणि ज्योतिषाने माशांना कणीक घालायला सांगितली होती. इतकी कणीक, की तळ्यातला मासा दोन दिवस तोंड उघडायचा नाही. धर्माच्या कामाला नाही कसं म्हणणार? शेवटी मी हात जोडून सांगितलं, काका, थंडीचे तीन महिने जरा आवरा, साडेसाती उन्हाळ्यात घेऊन या. ते बिचारे खरंच मार्चनंतर आले. पुण्याचा एक इंजिनियर यायचा. तो पाण्याचं तापमान मोजायचा, वारा मोजायचा, सगळं मोबाईलवर घालायचा आणि मग मोबाईल त्याला सांगायचा की आज मासे लागणार नाहीत. मग खूश होऊन घरी जायचा. बौशरच्या फ्लॅटमधली एक छोटी आईबरोबर आली होती. बराच वेळ पाण्याकडे बघून मला म्हणाली, "काका, फिश इज लाइक, झोपला." माझ्या धंद्याचं इतकं अचूक वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट गेल्या थंडीतली आणि ती हमूदबाबांची.

बाबांचं वय झालंय. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कुरकुरतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बागेचा कारभार मुलाकडे, सालिमकडे. बाबांकडे उरलं एकच काम. सकाळ-संध्याकाळ तळ्याकाठी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि माशांना खाऊ घालायचं. टोपलीभर खुब्ज, खजूर, घरात उरलेला भात, सगळं. प्रत्येक घास टाकताना म्हणायचे, "तफद्दल." म्हणजे, घ्या, सुरू करा. पाहुण्याला म्हणतात ना, तसं. बाबांच्या लेखी ते मासे त्यांच्या घरचे पाहुणे होते आणि ओमानी माणसाच्या दारचा पाहुणा उपाशी राहूच शकत नाही.

झालं काय, की थंडी पडली आणि मासे लागेनात. शुक्रवारमागून शुक्रवार लोक गळ टाकून बसायचे, थर्मासमधला चहा संपवायचे आणि हात हलवत परत जायचे. हळूहळू येईनासे झाले. कॉलिनसाहेब तेवढे राहिले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझा अर्बाब चारा नाही टाकत, लग्नाची जेवणावळ घालतोय. ते मला काय माहीत नव्हतं? पण अर्बाबला कोण सांगणार, की बाबा, तुमच्या पाहुण्यांना उपाशी ठेवा?

त्यात सालिमने डोकं चालवलं. सालिम मुलगा चांगला आहे, बँकेत आहे, बापाला जपतो. पण त्याला दिसत होतं ते एवढंच, की तळ्यावर कुणी येत नाही, पंपाची वीज जळते आणि बाबा पाण्याकाठी एकटे बसतात, एखाद दिवशी पाय घसरला तर? त्याने ठरवलं की तळं बुजवायचं आणि तिथे पॅडेलचं कोर्ट बांधायचं. पॅडेल म्हणजे टेनिसचाच धाकटा भाऊ, काचेच्या खोलीत खेळतात. मस्कतमध्ये सध्या जो उठतो तो पॅडेल खेळतो. सालिमने बापाला समजावलं की कोर्टाच्या कडेला तुमच्यासाठी एसी लावलेली छान खोली बांधू, तुम्ही आरामात बसा.  त्या संध्याकाळी बाबांनी काहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, तीही घेतली नाही.

मला पहिल्यांदा माझी नोकरी दिसली, खोटं कशाला बोलू. तळं गेलं की मी गेलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीत बसलेले दिसले. मांडीवर टोपली, आणि टोपलीतला हात तसाच आत राहिलेला. टाकायचं विसरून नुसते पाण्याकडे बघत होते.  त्या माणसाला एसीच्या खोलीत बसवणं म्हणजे मासा काढून टेबलावर ठेवण्यासारखं होतं.

तेव्हा मी एक लबाडी केली. लबाडी म्हणजे काय, धंदाच.

थंडीत चारा आणखी निकस करायचा असेल तर त्यात माती मिसळतात. ही काही माझी अक्कल नव्हे, कॉलिनसाहेबांच्या देशातही करतात. मातीने गोळा जड होतो, तळाला जातो, गढूळ ढग उठतो, वास पसरतो, मासे जमतात आणि खायला बघतात तर काही नाही. मी खजुरांच्या बुंध्याशी असलेली मऊ माती चाळून घेतली, त्यात नावापुरता तारल्याचा भुगा, मेथी, चिमूटभर पेंड घातली आणि छान गोल गोळे वळले. सुमनच्या रुखवतातल्या एका स्टीलच्या डब्यात भरून बाबांकडे नेले. म्हटलं, बाबा, माझ्या बायकोने खास तुमच्या माशांसाठी लाडू पाठवलेत. आमच्याकडे पाहुण्यांना हेच देतात.

बाबांनी एक लाडू हातात घेतला. तळहातावर फिरवला.  मग विचारलं, "लाडू?"

"लाडू," मी म्हणालो.

"तफद्दल," म्हणत त्यांनी तो पाण्यात टाकला.

त्या दिवसापासून खुब्ज बंद, खजूर बंद. रोज सकाळ-संध्याकाळ डबाभर लाडू. बाबा खूश, कारण हात भरून टाकायला मिळत होतं. मी खूश, कारण माशांच्या पोटात काहीच जात नव्हतं. फक्त सुमन नाखूश. तिचं नाव कोरलेल्या डब्यात मी चिखल भरतो म्हणून ती घरात भांडी आपटत होती. तिच्या त्या जोडीतला दुसरा डबा तिने फळीवर अगदी मागे सरकवून ठेवला, माझा हात पोचू नये म्हणून.

थोड्याच दिवसांत मासे भुकेले झाले. कॉलिनसाहेबांची तरंगती काडी एका सकाळी हलली, मग बुडाली. त्यांनी एक कार्प काढला, मग आणखी एक. माणसाने टोपी काढून मला सलाम केला. मी सालिमला सांगितलं तर त्याने मान हलवली. म्हणाला, दत्ताभाई, तो म्हातारा इंग्रज तुझा दोस्त आहे, तो काहीही सांगेल. पॅडेलवाला माणूस शुक्रवारी माप घ्यायला येतोय.

तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. त्यांनी मुलाला सांगितलं की ठीक आहे, शुक्रवारीच ये, तुझा माणूसही येऊ दे, माझे थोरले भाऊही येतील. कॉलिन सकाळपासून बसेल. जुम्म्याच्या नमाजाला निघायच्या आत त्याने तुझ्या डोळ्यांदेखत मासा काढला तर तळं राहील. नाही काढला तर खुशाल माप घे. सालिमने कबूल केलं. बाप-लेकांनी हात मिळवले. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले की तुझ्या बायकोला सांग, माशांना एवढे आवडतात ते लाडू शुक्रवारी माझ्या पाहुण्यांसाठीही कर.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

घरी सांगितलं तेव्हा सुमन आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर मात्र कामाला लागली. तिच्या नावाने लाडू खपलेत म्हटल्यावर आता तिच्या अब्रूचा प्रश्न होता. रंग जुळायला हवा म्हणून तिने नाचणीचे करायचे ठरवले. गावाहून आणलेली नाचणी, साजूक तूप, गूळ, वेलची. लाडू झाले तेव्हा मी माझा एक मातीचा गोळा शेजारी ठेवून पाहिला. काही फरक दिसेना. तोच काळपट तांबूस रंग, तोच आकार. मला वाटलं वा, काय बेमालूम जमलंय. त्या वेळी मला जी शंका यायला हवी होती ती आली नाही.

शुक्रवारी आम्ही दोघे सकाळी लवकर बागेत पोचलो. तिचे लाडू फळीवरच्या त्या दुसऱ्या डब्यात. माझे मातीचे त्याच्या जुळ्या भावात. दोन्हींवर एकाच हाताने ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेलं 'चि. सौ. कां. सुमन'. सुमन आत बायकांमध्ये गेली. मी दोन्ही डबे पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर ठेवले आणि कॉलिनसाहेबांची खुर्ची लावायला गेलो. त्यांनी मला विचारलं, चारा कुठे? मी म्हणालो, कट्ट्यावर डबा आहे, घ्या. तेवढ्यात सालिम आला, पाहुणे आले म्हणाला, लाडू कुठे? माझ्या हातात साहेबांची दोरी गुंतलेली. मी मान न वळवता सांगितलं, कट्ट्यावर डबा आहे, घे.

आता तुम्हाला सगळं कळलं असेल. मला कळायला थोडा वेळ लागला.

मी दोरी सोडवून वर पाहिलं तर कॉलिनसाहेब डबा मांडीवर घेऊन गोळे कुस्करून टाकत होते. म्हणाले, आजचं मिश्रण फार सुंदर चिकटतंय, काय घातलंस? मी पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर तवंग पसरत होता, उन्हात चमकणारा. आणि वेलचीचा वास. तळ्याकाठी, सकाळच्या गार हवेत, साजूक तुपाचा आणि वेलचीचा घमघमाट. पाणी नुसतं उसळत होतं. तळ्यातले लहानमोठे सगळे मासे नाचणीच्या लाडवांवर तुटून पडले होते आणि साहेब खुशीत आणखी कुस्करत होते. डबा निम्मा रिकामा झाला होता. पाण्यातून परत काढता येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

आणि मग दुसरा डबा आठवला.

मी धावलो. माझं वय आणि पोट बघता मी धावतोय हे पाहून बागेतले लोक काम सोडून उभे राहिले. मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीच्या, दाराशी पोचलो तेव्हा मधोमध ताट होतं, ताटात माझे गोळे छान रचलेले, आणि भोवती सगळे गालिच्यावर बसलेले. बाबा, त्यांचे थोरले भाऊ, सालिम आणि पॅडेलवाला माणूस. सगळे चावत होते. कुणी बोलत नव्हतं. मला ते चावणं ऐकू येत होतं.

मी दारातच थिजलो. आता थोरले भाऊ ताट भिरकावतील, सालिम मला हाकलेल, आणि रागाने नाही तर शरमेने बाबांची मान खाली जाईल. भावासमोर, मुलासमोर, परक्या माणसासमोर बाबांच्या घरात पाहुण्यांना माती वाढली गेली, आणि ती मी वाढली. दुसऱ्या कशाचं नाही, पण याचं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना मी किती दिसलो असेन कुणास ठाऊक. त्यांनी घास गिळला. काहव्याचा घोट घेतला. मग भावाकडे वळून शांतपणे म्हणाले, "दत्ताच्या गावचा लाडू आहे. डोंगरातलं धान्य. चव जरा जमिनीची लागते."

थोरल्या भावांनी बराच वेळ जीभ दातांवरून फिरवली. म्हणाले, "हो. जमीन लागते खरी."

आणि त्यांनीही गिळलं. यजमानाने हाताने दिलेलं त्यांच्यात कुणी थुंकत नाही. बाबांनी हातातला लाडू, मी बघत होतो, अख्खा संपवला. एक कण ठेवला नाही. सालिम एकदा बापाकडे, एकदा ताटाकडे बघत होता. त्याचं चावणं थांबलं होतं. मग बाबांनी ताट उचललं आणि पॅडेलवाल्यापुढे धरलं. त्याने छातीवर हात ठेवून पुरे म्हटलं. बाबांनी ताट आणखी पुढे केलं. आपल्याकडे जावयाला करतात तसा आग्रह. आमच्या घरी आलात आणि एकच? माझा मान ठेवणार नाही? बाबांचा चेहरा इतका प्रेमळ की बघत राहावं.

"तफद्दल," ते म्हणाले.

पॅडेलवाल्याने दुसरा घेतला. दुसरा निम्मा झाला तेव्हा त्याला अचानक फोन आला. फोन वाजलेला मला तरी ऐकू आला नाही. तो घाईने उठला, माप नंतर घेऊ म्हणाला, आणि गाडीपर्यंत जवळजवळ पळत गेला.

इकडे कॉलिनसाहेबांची काडी सकाळभर तसूभर हलली नाही. मासे तट्ट फुगून तळाशी आडवे झाले होते. बाबा, सालिम, थोरले भाऊ नमाजाला निघाले तेव्हा साहेबांनी रिकामे हात दाखवले. सालिमने ते पाहिलं.  पैज बाबा हरले होते. ते सगळ्यांना माहीत होतं आणि मला जरा जास्तच.

सुमनला मी पंपाच्या खोलीमागे सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "तुम्ही माती खाल्लीत ती खाल्लीत, त्या देवमाणसालाही खायला लावलीत. जा आणि पाय धरा."

नमाजाहून परत आल्यावर बाबा नेहमीसारखे तळ्याकाठी येऊन बसले. मी जवळ गेलो. उकिडवा बसलो. बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"दत्ता, या बागेतली माती मी लहानपणापासून मुठीत धरतोय. डोळे गेले माझे, हात नाही गेले. पहिल्या दिवशी तू डबा आणलास तेव्हाच कळलं मला."

 मी विचारलं, "मग बाबा, बोलला का नाहीत?"

"तू लाडू म्हणालास. माझ्या घरातल्या माणसाने लाडू म्हणून हातात दिला, तर तो लाडूच." मग म्हणाले, "आणि सालिमला वाटायचं मी टाकू नये, त्या इंग्रजालाही तेच वाटायचं. तू एकट्याने मला टाकायला काहीतरी दिलंस."

मी रडलो. लाज कसली त्यात. बाबांशिवाय आणि तळ्यातल्या माशांशिवाय बघायला कोण होतं, असं मला वाटलं. पण मागे सालिम उभा होता. बराच वेळ उभा असावा.

तो येऊन बापाशेजारी जमिनीवरच बसला, आपल्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशाची पर्वा न करता. म्हणाला, "मी अर्धा रुमालात काढला. तुम्ही अख्खा खाल्लात."

"पाहुणे होते," बाबा म्हणाले.

सालिम पाण्याकडे बघत राहिला. तुपाचा तवंग अजून काठाला होता. मग त्याने खिशातून मोबाईल काढला, पॅडेलवाल्याला फोन लावला आणि उठून जाऊन बोलला. मला एकच शब्द ऐकू आला. खलास. परत येऊन त्याने मला विचारलं की तळ्याकडच्या बाजूला कठडा किती दिवसांत बांधून होईल, बाबांचा पाय घसरायला नको. मी म्हणालो, इन्शाल्ला, लवकरच. आणि खरंच लवकर बांधला.

कॉलिनसाहेबांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांना ना मातीचं आश्चर्य वाटलं ना तुपाचं. त्यांनी फक्त विचारलं की ते लाडू, ते खरे, आणखी मिळतील का? घरी चहाबरोबर खायला. सुमन आता त्यांना महिन्यातून एकदा डबा भरून देते आणि त्या डब्यावर लाल रिबिन बांधते. माझ्या डब्यावर तिने रंगाने मासा काढून ठेवलाय. एवढं करूनही तिचा माझ्यावर विश्वास नाही.

एका गोष्टीची रुखरुख राहिलीच. तो शुक्रवार साधला असता, साहेबांनी बाबांच्या भावासमोर एक मोठा कार्प काढून दाखवला असता, तर माझ्या इतक्या वर्षांच्या कसबाची शान राहिली असती. तळं वाचलं ते माझ्या चाऱ्यामुळे नाही. ते बाबांनी चावून गिळलं म्हणून वाचलं.

या थंडीतही बाबा रोज सकाळी कठड्याला हात टेकत येऊन बसतात. मी डबा उघडून मांडीवर ठेवतो. दर शुक्रवारी सालिमही येतो, त्याला गोळे वळायला शिकवलेत, पण त्याचे फार पातळ होतात. बाबा त्यातला एक उचलतात, पाण्यात टाकण्याआधी मुद्दाम माझ्या तोंडासमोर धरतात आणि म्हणतात, "तफद्दल."